नळाचं गाणं

बाबांचा गाण्यांचा साठा मी एका दुपारात साफ केला. 'साफ' हा शब्द अगदी बरोबर आहे. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, सत्तावीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवत आले आहे, आणि ज्या वस्तूवर तिचं खरं नाव नाही ती वस्तू माझ्या डोळ्यांना खुपते. बाबांच्या कॉम्प्युटरवर अशा खुपणाऱ्या दोन हजारांच्या वर फायली होत्या.

त्या त्यांनी निवृत्तीनंतर स्वतः भरल्या होत्या. आम्ही इथं, हिंदी मुलखात, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हापासूनच्या कॅसेटी घरात होत्या. जवाहर चौकात एक दुकानदार कोऱ्या कॅसेटवर आपण सांगू ती गाणी भरून द्यायचा. बाबा ऑफिसातून येताना त्याला यादी देत आणि आठवड्यानं कॅसेट घेऊन येत. यादी आईची असे. निवृत्तीनंतर त्यांनी टेपरेकॉर्डर वायरनं कॉम्प्युटरला जोडला आणि एकेक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत गाणी आत घेतली. तासाच्या कॅसेटला तास लागायचा. मग एका बोटानं देवनागरीत नाव टाइप करायचं. हे तीन वर्षं चाललं होतं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, काय करून राहिलात?" आणि ते म्हणायचे, "तुझी गाणी डब्यात भरून राहिलोय."

नावं काय दिली होती? पोहे. रुसवा. ताप. स्वेटर. गॅस संपला. नळ. गायकाचा पत्ता नाही, सिनेमाचा नाही, सालाचा तर नाहीच. एकच गाणं तीन नावांनी तीन ठिकाणी. एकदा मी न राहवून म्हटलं, "बाबा, 'गॅस संपला' हे गाण्याचं नाव असतं का?"

"आपल्या घरी असतं."

"आणि उद्या कुणाला शोधायचं असलं तर?"

"ज्याला ऐकायचंय त्याला मालूम आहे. तू तुझी लायब्ररी बघ."

मला ते लागलं. ज्या एका कामात मला खरंच काही कळतं, तिथंच त्यांनी मला दाराबाहेर उभं केलं, असं वाटलं. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. स्वभाव मी त्यांचाच घेतला आहे.

मागच्या वर्षी बाबा गेले. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. दिवस झाले, ग्वाल्हेरचे नातेवाईक परतले, भाऊ पुण्याला गेला आणि घरात आई आणि मी उरलो. मला हाताला काम हवं होतं. बाबांचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. मी सगळी गाणी एका हार्ड डिस्कवर घेतली, कॉम्प्युटर आणि कॅसेटींची खोकी कबाड्याला दिली आणि गाणी नावागावासकट ओळीनं लावून देणारं एक सॉफ्टवेअर आणलं. ते प्रत्येक गाणं ऐकतं, ओळखतं, खरं नाव, गायक, सिनेमा, साल सगळं भरतं, वर चित्रही चिकटवतं. दुबार गाणी शोधून त्यातलं चांगलं ठेवतं आणि बाकीची टाकून देतं. कामाला लागण्याआधी त्यानं मला विचारलं, जुनी नावं जपून ठेवायची का? मी नाही म्हटलं. तिथं माझं बोट जराही अडखळलं नाही. उलट बरं वाटलं. बाबांशी अर्धवट राहिलेला वाद मी जिंकले होते आणि उत्तर द्यायला ते नव्हते. हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

चहाच्या वेळेपर्यंत काम संपलं. मी आईला मोबाइलवर ती रंगीत, ओळीत लागलेली गाणी दाखवली. "अच्छं केलंस," ती म्हणाली.

आईचं विसरणं आम्ही आधी दुःखाच्या खात्यात टाकलं. मग ती भाजीत दोनदा मीठ घालू लागली, मग मीठ कुठं असतं तेच विसरली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दुखणं दोन-तीन वर्षांचं जुनं आहे. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असंही त्यांनी विचारलं. लक्षात आलं होतं, एका माणसाच्या. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी मला ते सांगितलं. मी सकाळी कॉलेजला गेले की बाबा एक गाणं लावत आणि आई उठून पोहे करायला घेई. दुसरं लावत, आणि ती गोळ्या घेई. "और नहाने का भी था, दीदी. अंकलजी गाना लगाते थे, आंटीजी खुद उठके नहाने चली जाती थीं."

"कौन सा गाना?"

"वो तो पता नहीं. पुराना था कोई."

सगळीच पुरानी आहेत. आम्हाला वाटायचं, म्हातारा गाण्यांत रमलाय. तो आईचा दिवस चालवत होता.

आंघोळीचं ते गाणं म्हणजे नळाचं गाणं, एवढं मात्र मला माहीत होतं. क्वार्टरमध्ये सकाळी पाऊण तास नळ यायचे. तेवढ्यात पिंप भरायचं, हंडे भरायचे, भावाला आंघोळ घालायची आणि पाणी जायच्या आत आईनं स्वतःची उरकायची. नळ आले की बाबा टेप लावत, आणि ते गाणं लागलं की आईचे हात चालत. कुठलं गाणं, ते मला माहीत नव्हतं. माझी सकाळची शाळा होती. नळ यायच्या आधी मी घराबाहेर पडलेली असे; रविवारी झोपेत कानावर पडलं असेल तेवढंच. पुढे कॉलेज, मग नोकरी, सगळं सकाळचंच.

आता आईला पाण्याची भीती वाटते. तांब्या उचलला की ती किंचाळते, माझा हात ओरबाडते. आणि एरवी स्वतःच विचारते, "नळ आले ना ग? मग नळाचं लाव." तिची एवढी एकच अट होती. गाणं लागलं असतं तर ती उठली असती.

मी शोधायला बसले, माझ्या पद्धतीनं. यादीत पाणी शोधलं. नदी, पाऊस, ढग, घाट, घागर, पनघट, सगळं शोधलं. विषयावरून शोधायचं, हेच तर मी पोरांना आयुष्यभर शिकवलं. निघालेलं एकेक गाणं आईला ऐकवलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हे नाही." दोन आठवड्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की नळाच्या गाण्यात पाण्याचा थेंब असायचं काही कारणच नाही. ते विरहाचं असेल, बागेचं असेल, भजनही असेल. नळ आला तेव्हा वाजलं म्हणून ते नळाचं. असलं वर्गीकरण माझ्या कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

मग पुण्याला फोन केला. भावाला तर त्या गाण्यावर रोज आंघोळ घातलेली.

"अगं ते नाही का, ते... ला ला लाऽ," त्यानं गुणगुणून दाखवलं. गळा दोघांनाही देवानं दिलेला नाही. "मोबाइलला ऐकव ना, तो ओळखतो."

ऐकवलं. मोबाइलनं छातीठोकपणे एक नाव सांगितलं. गाणं निदान आमच्या लहानपणचं तरी असायला हवं होतं, आणि हे निघालं परवाचं.

सॉफ्टवेअरची एकही चूक मला काढता आलेली नाही. मी पन्नासेक गाणी ताडून बघितली, प्रत्येकाचं नाव बरोबर, साल बरोबर. माझ्या हातानं लावली असती तरी मी हेच केलं असतं, फक्त वर्षभर लागलं असतं. कदाचित त्या वर्षात, 'नळ' हे नाव खोडताना, मी एकदा आईला हाक मारून विचारलं असतं की हे काय गं. तेवढी एक हाक त्या दुपारात राहून गेली.

शेवटी मी एक रजिस्टर केलं आणि पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. बाबांसारखं, एकामागून एक. आई दिवसाला दहा-बारा गाणी ऐकते, मग दमते. हे नाही म्हणाली की मी फुली मारते. चारशेच्या पुढे गेल्यावर आणखी एक शंका आली. दुबार गाण्यांतलं स्वच्छ ते सॉफ्टवेअरनं ठेवलं होतं आणि घरघरीचं टाकलं होतं. आई जर त्या घरघरीवरूनच गाणं ओळखत असेल, तर त्यावर माझी फुली पडूनही गेली असेल. तरी मी पुढे जात राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

गेल्या रविवारी आईच्या आंघोळीला नऊ दिवस झाले होते. हे लिहू नये, पण वास दारातच येत होता आणि मांडीला लाल चट्टे उठले होते. मी पाणी कोमट केलं, तिला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं आणि दारात उभी राहून गाणी लावू लागले. एक, दोन, पाच. प्रत्येक गाण्याला ती मान वर करायची आणि खाली घालायची. आठव्याला तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, सापडलं.

"अहो, बसा जरा," ती म्हणाली. "केव्हाच्या उभ्या आहात तुम्ही."

आईनं मला आयुष्यात कधी अहो म्हटलं नव्हतं.

"नळाचं शोधतेय," मी म्हटलं.

"ते तुम्हाला नाही मिळायचं." ती समजूत घालायच्या सुरात बोलत होती. "माझी मुलगी आहे, लायब्ररीत आहे, फार हुशार. पण तिलाही नाही मालूम. नळ येतात तेव्हा ती कधी घरी नसते ना. आमचे हे येऊ द्या. ते लावतील, मग मी करते आंघोळ. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ."

"केव्हा येतात ते?"

"येतीलच आता."

मी मोबाइल बंद केला. टॉवेल बादलीत बुडवून पिळला आणि तिची पाठ पुसायला घेतली. ती किंचाळली नाही. तिनं पुसू दिलं, परक्या बाईसमोर धरतात तसा पदर छातीशी घट्ट धरून.