अण्णांना ऐकू येतील अशा तारा

नाशिकरोडच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती, आणि मी म्हैस घेऊन चढतोय अशा नजरेनं कंडक्टर माझ्या बेस गिटारकडे बघत होता. आईनं जुन्या गादीच्या खोळीची पिशवी शिवली होती. गिटारची मान तिच्यातून वीतभर बाहेर आली होती. "टपावर टाका नाहीतर याचंपण तिकीट काढा," तो म्हणाला. माझे वडील, म्हणजे अण्णा, पहिली पाळी संपवून एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून थेट आले होते. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "काय?" पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागे रांगेत कुणीतरी हसलं, आणि मी म्हणालो, "काही नाही अण्णा. जा तुम्ही."

घर सोडताना मी वडिलांशी बोललेलं शेवटचं वाक्य हे. पुढे पुण्याहून बेंगळुरूची गाडी धरली. तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आता एकोणपन्नासचा आहे. मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना मी आजवर अर्धंच सांगत आलोय. उरलेलं आता लिहून टाकतो.

अण्णा एकलहऱ्याला टर्बाइनवर होते. घरी आल्यावरही तासभर ओरडूनच बोलायचे. सगळ्यांचे वडील असेच बोलतात असं आम्हा भावांना वाटायचं. मी पुटपुटणारा. म्हणूनच बहुतेक बेस मला मानवला. चार जाड तारा, सगळ्यांच्या खालून चालणारा आवाज. तो आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, थांबला की मात्र गाणं पोकळ होतं. नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात मी लग्नं आणि गणपती वाजवायचो. तारांचा एकच सेट, वर्षानुवर्षं. घामानं मळून आवाज बसला की आई त्या तारा दुधाच्या जुन्या पातेल्यात उकळून द्यायची. "घे तुझ्या शेवया," म्हणायची. मग चार दिवस तारा चकचकीत वाजायच्या, पाचव्या दिवशी पुन्हा तशाच.

बेंगळुरूत पहिल्यांदा भिंतभर टांगलेले स्ट्रिंग्जचे सेट पाहिले. दुकानदारानं विचारलं, "टोन कसा पाहिजे, सर?" टोन निवडायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी स्टीलच्या राउंडवाउंड घेतल्या. त्यांच्या गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते, म्हणून बोटाला कानशीसारख्या खरखरीत लागतात, पण आवाज लख्ख, घंटेसारखा. मला तेच हवं होतं. गावाकडचा मळका आवाज नको होता. त्या तारांवर मला कामं मिळाली, हॉटेलं, कंपन्यांचे शो, मग शिकवण्या. बायको भेटली तीही एका साउंडचेकला. ती तेलुगू, घरात आम्ही चार भाषा मोडक्यातोडक्या बोलतो आणि आमचं बरं चालतं. भाषा न येणाऱ्या मला त्या शहरानं एकदाही परत जा म्हटलं नाही. हे मी विसरलेलो नाही.

मात्र अण्णांना एकाही कार्यक्रमाला बोलावलं नाही. "तुम्हाला ऐकू येणार नाही, उगाच दगदग," असं सांगायचो. खरं कारण दुसरं होतं.

टर्बाइनच्या आवाजापासून कान वाचवायला तिथे प्रत्येकाला इअर मफ मिळायचा. आमच्या ऑर्केस्ट्रात मी ड्रमरच्या शेजारी उभा राहायचो, कान दुखायचे. एका रविवारी अण्णांची सुट्टी बघून त्यांच्या पिशवीतून तो मफ काढला आणि देवळाली गावातल्या एका लग्नाला घेऊन गेलो. परतताना तो मंडपवाल्याच्या टेम्पोत राहिला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "माझा मफ पाहिलास का रे?" मी म्हणालो, "नाही."

नवा मिळाला असता; हरवला एवढं लिहून द्यायचं होतं. पण अण्णा ते लिहून देईनात. त्यांच्या मते तो हरवलेला नव्हता, घरातच कुठेतरी पडला होता. पोरगं नाही म्हणालं म्हणजे नाही. सहा महिने ते माळा, कपाट, खाटेखालच्या ट्रंका शोधत राहिले, आणि तेवढे दिवस टर्बाइनपाशी कापसाचे बोळे घालून उभे राहिले. त्यानंतरच त्यांचं "काय? काय?" वाढलं, असा माझा हिशेब आहे. चुकीचाही असेल. पण स्टँडवर मागे कुणी हसलं तेव्हा मला लाज त्यांची वाटली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावानं, संजूनं, अण्णांना कानाचं मशीन घेतलं. ते दोघं आणि आई आता नाशिकच्या इंदिरानगरला राहतात. मी व्हिडिओ कॉलवर हौसेनं वाजवून दाखवलं. अण्णांनी तोंड वाकडं केलं. "मागं पत्रा कोण खरवडतंय रे?"

पत्रा मीच होतो. खरखरीत तारेवरून बोट सरकलं की बारीक चिरका आवाज येतो, आणि ते मशीन नेमके बारीक आवाज मोठे करतं. माझ्या वाजवण्यातलं तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

या उन्हाळ्यात मी गिटार आणि तारांचे आणखी दोन सेट घेऊन इंदिरानगरला गेलो. अण्णांना नीट ऐकू येईल असा सेट निवडायचा, बाकी कुणाला आवडो न आवडो. सकाळी त्यांच्या पलंगावरच बैठक मांडली. आधी होत्या त्या राउंडवाउंड वाजवल्या. अण्णांनी मशीन काढून हातात धरलं. "हे बंद कर." मग काळ्या, नायलॉन गुंडाळलेल्या तारा चढवल्या, त्या मऊ वाजतात. अण्णांनी डोळे मिटले. "हे बरंय. पण कानात कापूस घातल्यासारखं येतंय."

माझे हात थांबले. मी म्हणालो, "अण्णा, तो मफ मी नेला होता."

"काय?"

"मफ. मी नेला होता."

"मोठ्यानं बोल, ओठातल्या ओठात काय बोलतोस!"

मग मी ओरडलो. आयुष्यात घरात कधी एवढ्या मोठ्यानं बोललो नव्हतो. "तुमचा इअर मफ मीच नेला होता! हरवला माझ्याकडून! मी खोटं बोललो!" समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई थबकल्या. स्वयंपाकघरातून आई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"काय म्हणालास? परत सांग," ती म्हणाली. "यांच्या कानाशी सांग. इतकी वर्षं मला बोलतोय हा माणूस, 'तूच आवरताना भंगारात दिलास' म्हणून!"

हे मला माहीतच नव्हतं. माझं "नाही" तिनं भोगलं होतं. मी परत सांगितलं, तेवढ्याच मोठ्यानं. अण्णा आईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "म्हणजे घरात नव्हताच," ते म्हणाले. "मी उगाच माळ्यावर चढलो."

"आणि मी उगाच शिव्या खाल्ल्या," आई म्हणाली. "माफी कोण मागणार? बाप का लेक?"

दोघांनीही मागितली. अण्णांनी जरा घुटमळत.

"माझ्यामुळे तुमचे कान गेले," मी म्हणालो.

"थोडे तुझ्यामुळे गेले असतील," अण्णा म्हणाले. "बाकीचे माझ्या हट्टानं. दुसरा मागून घ्यायला काय झालं होतं मला? चल, तो राहिलेला सेट लाव."

राहिल्या होत्या फ्लॅटवाउंड. त्यांच्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. हात काचेवरून फिरवल्यासारखा सरकतो, चिरकणं नाही. ताण मात्र जास्त, त्यामुळे गिटारची मान थोडी सरळ करून घ्यावी लागली. तोवर अण्णांनी संजूच्या टूलबॉक्समधला लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. टोक गिटारच्या लाकडाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला. "टर्बाइनचं बेअरिंग चांगलंय का बिघडलंय, ते असंच ऐकायचो आम्ही," म्हणाले. "वाजव."

मी सगळ्यात जाड तार छेडली. ते हलले नाहीत. दुसरी छेडली. मग एक साधी चाल धरली आणि तीच पंधरा मिनिटं वाजवत राहिलो, कारण ते थांब म्हणेनात. आई दारातच बसली. शेवटी अण्णा म्हणाले, "बेअरिंग चांगलंय. असंच ठेव."

बेंगळुरूला परतून मी त्या तारा काढल्या नाहीत. बँडमधली पोरं म्हणतात, "सर, आवाज म्हातारा वाटतो." वाटू दे. आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर संजू तिकडे मोठा स्पीकर जोडतो आणि मी इकडून अण्णांसाठी वाजवतो.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अडखळायचो. एकलहऱ्याचं क्वार्टर अण्णा रिटायर झाल्यावर सुटलं, इंदिरानगरचा फ्लॅट भावाचा, बेंगळुरूची भाषा मला अजून अर्धीच येते. आता अडखळत नाही. माझ्यासारख्या पुटपुट्याला जिथे मनातलं सगळं शेजारीपाजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगावं लागतं, आणि ऐकणारी माणसं कान पुढे करून बसलेली असतात, ते माझं घर.