आत्याचा चालता माग

आमच्या आत्याला गोड बोलता येत नसे. घरात आलेल्या माणसाला "बस" म्हणायच्या आधी ती त्याच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरून विचारायची, "हे कुठलं लक्तर घातलं?" कापड परदेशी निघालं तर चहा मिळत नसे. धाकट्या जावयाला तर तिनं भर पंगतीत याच कारणावरून रडकुंडीला आणलं होतं. मला तिचा संताप यायचा, आणि तिच्याइतकं घरात दुसरं कुणी आवडतही नसे.

बुरहानपूरच्या लोधीपुऱ्यात तिचे चार यंत्रमाग होते. नवरा गेल्यावर सासरच्या सगळ्यांशी भांडून तिनं ते चालवले. मग परदेशी मालाला बाजार खुला झाला आणि तिला नुसतं सूत ज्या भावात पडायचं, त्या भावात तयार चिनी कापड गावातल्या दुकानांत येऊन पडलं. एका व्यापाऱ्यानं सुचवलं, त्या कापडावर तुमचा ठप्पा मारून विका. आत्यानं त्याला बॉबिन फेकून मारली. नेम बरा होता.

मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. तिला समजावू लागलो, अमेरिकेनं चीनच्या कापडाला दार लावलं की तो माल आपल्याकडे वळतो. मोठ्यांच्या या चढाओढीत आपल्याला स्वस्ताई मिळते.

"दोन पहेलवानांचा झगडा हाये, तर त्याहीनं आपल्या आखाड्यात लढावं. माह्या घरात काबर पडतात?"

"सरकार बघेल ना, आत्या."

"ते तिकीट काढून कुस्ती पाहून राह्यलं. अन् उद्या चीननं माल बंद केला, तर आंगावर काय घालशीन? तोवर विणणारे सारे फोपनारच्या बागांत केळी भरायले गेलेले असतीन."

मी चिडून उठून गेलो.

एकेक करून तीन माग भंगारात गेले. चौथ्यावर बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, चढलेला होता, आणि चढलेला बीम पुरा विणल्याशिवाय माग उतरवायचा नाही, ही आमच्या गल्लीची रीत. तो न्यायला आलेले भंगारवाले दारात बिड्या ओढत बसले. दुपारी सूत संपलं. शकूरभाई या तिच्या जुन्या विणकरानं कापड कापून घेतलं, पण मागावरची टोकं तशीच ठेवली. नव्या बीमचे धागे त्यांनाच गाठी मारून जोडतात. सवयीनं त्यांनी विचारलं, "बाई, दुसरा बीम जोडू?"

आत्या म्हणाली, "जोड."

शकूरभाई एकेक गाठ मारत बसले. त्यांना अडवायची माझी हिंमत झाली नाही. भंगारवाल्यांनी नव्या बिड्या पेटवल्या. जोडणी संपल्यावर आत्यानं मोटर सुरू केली, वीतभर कापड निघू दिलं आणि स्वतःच्या हातानं बंदचं बटण दाबलं.

"आता उचला," ती भंगारवाल्यांना म्हणाली. "पन गावात नीट सांगजा. बंद पडलेला नाही, चालता माग नेऊन राह्यले तुम्ही."