रुक्मिणीबाईंची ‘जीत’

कराडच्या बालवाडीत तीस वर्षे मुलांना ताठ बसवणाऱ्या रुक्मिणीबाई लेकाच्या नोकरीपायी म्हैसूरला आल्या, आणि इथे त्यांनी म्हातारी माणसे ताठ बसवायला घेतली. बन्नीमंटपाजवळच्या बागेत, कोवळ्या उन्हात, बारा आजीआजोबांचा योगासनांचा वर्ग! घाई नाही, चढाओढ नाही. “विठुराया कसा उभा आहे? पाय जुळलेले, हात कमरेवर. तस्सेच!” एवढे म्हटले की गुडघेसुद्धा तक्रार विसरत.

समोर काळ्या दगडाची शिल्पे होती. ओझ्याखाली वाकलेली सात माणसे. ही कोण, असे बाईंनी माळ्याला विचारले, तेव्हा तो कन्नडमध्ये म्हणाला, “जीतदवरू.” बाई हरखल्या. जीत! म्हणजे जिंकलेली माणसे! तेव्हापासून वर्ग संपताना शिल्पांकडे हात उंचावून सारे गर्जत, “जीत! जीत!”

तिसऱ्या आठवड्यात निंगम्मा आल्या. बन्नूरच्या, लेकीकडे राहायला आलेल्या. गर्जना ऐकली मात्र, त्या उठल्या आणि शिल्पाच्या पायाशी जाऊन बसल्या.

“काय चुकलं हो?” बाईंनी तुंगाबाईंना विचारले. तुंगाबाई वर्गातल्याच, म्हैसूरच्या जुन्या मराठी शिंपी घराण्यातल्या.

“अय्यो अक्का, कन्नडात जीत म्हणजे वेठबिगारी! धन्याच्या दारी जन्मभर बांधलेलं राबणं. हिचे आजोबा तसेच होते, मघाशी शिल्पं बघून सांगत होती.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तुमच्या महाराष्ट्रातली पद्धत असेल म्हणून सुम्ने, गप्प बसलो की!”

दास्याचाच जयजयकार केला आपण, आणि तोही वेठबिगाराच्या नातीसमोर! आता ही माउली पुन्हा येईल? इथे सतरंजी तरी कोणत्या तोंडाने अंथरायची? त्या निंगम्मांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. “चुकले हो. वर्ग दुसरीकडे नेते.” तुंगाबाईंनी ते कन्नडमध्ये सांगितले, आणि उत्तर मराठीत आणले.

निंगम्मा डोळे पुसता पुसता हसत होत्या. “नेऊ नका. आजोबांपुढं कुणी पाठ सरळ करतंय, ते बरंच आहे. त्यांची कधी झाली नाही. ओरडणं तेवढं सोडा, करियय्या म्हणा. नाव होतं त्यांना.”

दुसऱ्या दिवशी साऱ्यांनी प्रेमभराने ते नाव घेतले. शवासन आले तशा निंगम्मा तुंगाबाईंच्या तोंडून म्हणाल्या, “दिवसाउजेडी आडवं व्हायची मुभा आजोबांना नव्हती. त्यांच्या वाटणीचं थोडं जास्त पडू या.”

मग काय विचारता! कधी न टेकणाऱ्या रुक्मिणीबाईही निंगम्मांशेजारी आडव्या झाल्या. पलीकडे तुंगाबाई घोरू लागल्या. बाईंनी उठवायला हात पुढे केला.

“बिडी, अक्का,” निंगम्मा पुटपुटल्या.

“बिडी?” बाई दचकल्या. “इथे? म्हणजे काय हो?”

“राहू द्या म्हणतेय ती,” तुंगाबाई डोळे न उघडताच म्हणाल्या आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागल्या.