वहिनीच्या रक्तात दादाचा आकडा

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये चौदा वर्षं रक्त तपासतेय. तरी हे लिहितेय, कारण मागच्या वर्षी जे डोकं तापलं ते अजून थंड होत नाहीये.

माझा मोठा भाऊ बाळकुमला राहतो. त्याला हिपॅटायटिस बी आहे. बाबांनाही होता, ते लिव्हरच्या कॅन्सरनेच गेले. म्हणून दादाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्तात एएफपी... लिव्हरमध्ये तशी गाठ झाली की बऱ्याचदा वाढणारा मार्कर. एरवी दहाच्या आत असतो.

मागच्या वर्षी सोनोग्राफी त्याने टाळली. "अगं, पोरीचा साखरपुडा होऊ दे, मग बघू." निदान रक्त तरी, म्हणून मी लॅबचा माणूस घरी पाठवला. एएफपी आला ६१२.

तीच टेस्ट पुन्हा दोनदा लावली, आकडा तोच. रजा टाकून तडक बाळकुम गाठलं. दार वहिनीने उघडलं. रिपोर्ट तिने दोनदा वाचला.

"सुजाता... ते रक्त माझं आहे गं."

"म्हणजे?"

"हे म्हणाले, आत्ता काही वाईट निघालं तर सोयरीक मोडेल. तुमचा लॅबचा माणूस नवीन होता. 'पाटील?' म्हणाला, मी हात पुढे केला."

अक्कल गहाण ठेवलेली का रे दोघांनी! मी घर डोक्यावर घेतलं. दादा म्हणतो कसा, "हळू बोल, पाहुणे येणारेत." पाहुणे! बाबांना तसं जाताना बघितलेला माणूस हा!

मग दोघांचं रक्त मी माझ्या हाताने घेतलं. वहिनी ३. दादा ६०९, म्हणजे तोच आकडा; दोन-तीनने इकडेतिकडे होतंच.

जुनी ट्यूब फ्रीजमध्ये होती. ती काढली. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, ब्लड ग्रुप वहिनीचा. म्हणजे रक्त खरंच तिचं. त्याच ट्यूबमध्ये परत एएफपी लावला — ६१२.

गरोदरपणात हा मार्कर वाढतो, पण वहिनी चोपन्नची आहे. तिची सोनोग्राफीही स्वच्छ. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ट्यूबमध्ये काहीतरी लोच्या असेल." असेल हो! पण लोच्या नेमका दादाच्याच आकड्याशी जुळतो कसा?

दादाच्या लिव्हरमध्ये तीन सेंटिमीटरची गाठ निघाली. सीटी झाला, ऑपरेशन झालं, साखरपुडाही झाला. काही मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. वेळेवर! यांनी तर वेळ चुकवायची पक्की तयारी केलेली. आणि ते जे काय होतं ना, त्याचाही मला राग येतो. बाबांच्या वेळी कुठे मेलं होतं?

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी होती. मी सुई घेऊन गेले, तर हा सोफ्यावर पाय पसरून म्हणतो, "हिचंच घे. हिच्या रक्तात कळतं." आणि वहिनीने बाही वर केलेलीसुद्धा! अशी काही तडकले मी... झक मारत हात पुढे केला त्याने. वहिनीनेही बाही खाली घेतली नाही, म्हणून तिचंही घेतलं.

दोन्ही रिपोर्ट एकदमच आले. त्या ६१२ चं कारण मला आजही माहीत नाही, आणि सांगायला लाज वाटते... आधी मी वहिनीचा उघडला.