अस्तराचा जाणकार

आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीत एक गृहस्थ आहे. पूर्वी औषध कंपनीत एमआर होता, त्यामुळे लिफ्ट येईपर्यंतसुद्धा समोरच्याला शिकवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. "धमनी म्हणजे नुसता पाइप नाय हो! तिचं आतलं अस्तर एक वायू सोडतं, त्याने भिंतीतला स्नायू ढिला पडतो आणि धमनी रुंदावते. अस्तर बिघडलं की खेळ खल्लास!" हे सांगताना तो शर्टाची बाही उलटी करून अस्तर दाखवतो. शर्टाला अस्तर नसतं, हे त्याला कोण सांगणार?

तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ हार्ट अटॅकने गेले. आम्ही भेटायला गेलो, तर हा वहिनींसमोर बसून बाही उलटतोय! "सिगारेटने अस्तराची वाट लागते, वहिनी. भाऊंचं कधीच गेलं असणार."

वहिनींनी डोळे पुसले. "मग रोज जेवण झालं की खालून हाका मारून त्यांना सिगारेट पाजायला कोण न्यायचं, भावजी?"

हा उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. मला वाटलं, लाज वाटली असेल. खाली उतरलो, तर गेटपाशी वॉचमनला सिगारेट देऊन हा बाही उलटत होता, "देखो, ये अंदर का अस्तर..."