लोरेन साबोचे चौऱ्याऐंशी फटके

लोरेन साबोच्या सामानाला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. गाडीच्या डिकीतून गोल्फची पिशवी ती स्वतः काढणार, दोन चाकांच्या गाड्यावर स्वतः बांधणार, आणि कुणी मध्ये आलंच तर म्हणणार, "बाजूला हो बाबा, चाक पायावर जाईल." वय चौऱ्याऐंशी! डावा खुबा इतका झिजलेला की घरात जिना उतरताना ती एकटीच मोठ्याने शिव्या द्यायची. पण बॅटरीच्या गाडीत बसून मैदानावर फिरणं नामंजूर. "बसूनच खेळायचं तर पत्ते काय वाईट आहेत?" असं तिचं म्हणणं.

एकोणतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. रोज सहाशे पोरांचं जेवण, आणि वर पोरांची नाकं मुरडणं. सत्तेचाळिसाव्या वर्षी शेजारणीने गॅरेजातलं जुनं सामान विकायला काढलं, त्यात गोल्फच्या सात काठ्या होत्या. लोरेनने त्या उचलून आणल्या. नवरा म्हणाला, "सूप ढवळायला आणल्यास का?" पुढच्याच गुरुवारी ती गावच्या मैदानावर जाऊन उभी राहिली, कारण गुरुवारची सकाळ बायकांची असे. नवरा जाऊन आता बारा वर्षं झाली, पण तिचा गुरुवार काही चुकला नाही.

मैदान कसलं, नगरपालिकेचं! अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या दक्षिणेकडच्या त्या उपनगरात खिडकीवर पैसे भरले की कुणीही खेळावं. एकेका भोकापर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल, असे अठरा; त्यातल्या सहाव्या होलवर डोक्यावरून विजेच्या तारा, अकराव्याला सुपरमार्केटची मागची भिंत, आणि जिथे तिथे हंसांची घाण. पण लोरेनला विचाराल तर याच्यापुढे स्वर्ग फिका.

तर या मैदानाच्या ऑफिसात, हॉटडॉगच्या काउंटरशेजारी एक लाकडी फळा होता. ज्याने आपल्या वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत अठराही होल पुरे केले, त्याच्या नावाची पितळी पट्टी त्या फळ्यावर लागे. अट एकच. प्रत्येक चेंडू भोकात पडलेला हवा आणि सोबतच्या खेळाडूने तशी सही करायला हवी. फळ्यावर अकरा नावं होती. अकराही पुरुषांची.

लोरेनला तिथे बारावं नाव हवं होतं. सांगायची नाही कुणाला, पण हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. पंचाहत्तरीत तिला सत्त्याऐंशी फटके लागत, ऐंशीत अठ्ठ्याऐंशी. वय एकेका वर्षाने वर चढत होतं आणि खेळ त्यामानाने टिकून होता, म्हणजे गाठ कधी ना कधी पडणार होती. पण मध्येच खुब्याने दगा दिला. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरीण म्हणाली होती, "चालाल तर नक्की. पण अठरा होल चालाल का, ते आज नाही सांगता येणार." म्हणून हा सप्टेंबरातला शेवटचा गुरुवार लोरेनला कदाचित खरोखरच शेवटचा होता.

सोबतीला नेहमीच्या दोघी. एक विल्मा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, मितभाषी. फटके लिहायचं काम तिचंच. दुसरी बर्निस कोवाल. तिने घराच्या तळघरात चाळीस वर्षं बायकांचे केस कापले होते, आणि कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवली होती. लोरेन आणि बर्निस एकतीस वर्षं बरोबर खेळत होत्या आणि एकतीस वर्षं एकमेकींशी भांडत होत्या.

गुरुवारच्या बायकांची एक रीत होती. चेंडू भोकाच्या अगदी जवळ थांबला की दुसरीने म्हणायचं, "दिला, उचल!" मग तो शेवटचा टुकटुक फटका मारावाच लागत नसे, मारला असं धरून चालायचं. सगळ्याजणी एकमेकींना असे फटके सोडायच्या. पण लोरेन आणि बर्निस? नाव नको. एकदा तर वीतभर अंतर उरलं असताना बर्निसने लोरेनला मारायला लावलं होतं आणि लोरेनचा चुकला होता. आठवडाभर दोघी बोलत नव्हत्या.

त्या सकाळी पहिल्याच होलला बर्निस म्हणाली, "काय गं, आज बरी उभी राहतेस! खुबा सोमवारी बदलायचाय ना? का गेल्या शुक्रवारीच बदलून आलीस?"

"जीभ बदलून देतात का विचारलं होतं तुझ्यासाठी," लोरेन म्हणाली. "म्हणाले, एवढ्या मापाची मिळत नाही."

पहिले नऊ होल झाले. लोरेनने आकडा विचारला नाही, विल्माने सांगितला नाही. दहाव्यानंतर तिघींनी उभ्या उभ्या हॉटडॉग खाल्ला. अकराव्याला लोरेनचा लांबचा चेंडू सरळ भोकात गेला आणि बर्निस म्हणाली, "मेले, नशीब कुठे विकत घेतेस?" पंधराव्यालाही लोरेनचा चेंडू भोकात पडला. बर्निस गप्प राहिली. सोळाव्याला गप्प, सतराव्याला गप्प. तेव्हा कुठे लोरेनच्या लक्षात आलं की आकडा जवळ आलाय. बर्निस गप्प बसते म्हणजे काहीतरी फार मोठं घडत असतं.

"विल्मा," तिने न राहवून विचारलं, "किती?"

विल्माने कार्डाकडे पाहिलं. "एकोणऐंशी झालेत. अठराव्याला पाच लागले तर चौऱ्याऐंशी."

लोरेन पिशवीचा गाडा ओढत अठराव्याकडे निघाली.

पहिला फटका बरा गेला. दुसरा आखूड पडला. तिसऱ्याने चेंडू भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर चढला, पण भोकापासून चांगला वीस पावलं दूर. दूर शाळेच्या मैदानावर पोरांचा बँड सरावाला लागला होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होता. लोरेनने चौथा मारला. चेंडू उतारावरून घरंगळत, वळत आला आणि भोकापासून दीड फुटावर थांबला.

उरला एक फटका. दीड फुटाचा.

आणि काय केलं असेल बर्निसने? जन्मात कधी न केलेली गोष्ट केली. पळत पुढे गेली, चेंडू उचलला आणि ओरडली, "दिला! दिला गं! चौऱ्याऐंशी!" आणि लोरेनच्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

लोरेन ताठ उभी.

"ठेव," ती म्हणाली.

"काय ठेव?"

"चेंडू. होता तिथे ठेव. भोकात पडल्याशिवाय मोजत नाहीत, तुला माहीत आहे."

"अगं बये, दीड फूट! हा काय चुकणार आहे? मी सही करते ना!"

"खोट्यावर सही करशील?"

बर्निसने खाली मान घालून चेंडू ठेवला. लोरेनने पाहिलं. चांगला हातभर पुढे, भोकाच्या अगदी तोंडाशी.

"बर्निस."

बर्निसने चेंडू मागे सरकवला. लोरेनने विल्माकडे पाहिलं. विल्माने बोटाने आणखी मागे असं दाखवलं. शेवटी तिघींनी मिळून गवतातली जागा ठरवली, आणि बर्निस दूर जाऊन पाठ फिरवून उभी राहिली.

लोरेन चेंडूवर वाकली. खुबा ठणकत होता. मघाशी हात स्थिर होते, आता गळ्यात पडलेल्या बाईच्या रडण्याने सगळं ढवळून निघालं होतं. तिने श्वास सोडला आणि मारला. चेंडू भोकाच्या कडेवर गेला, कडेवरून अर्धा फिरला आणि बाहेर येऊन थांबला.

तिने वाकून हळूच तो आत ढकलला.

"पंच्याऐंशी," ती म्हणाली. "लिही, विल्मा."

"फेब्रुवारीत तू पंच्याऐंशीची होशील," विल्मा हळूच म्हणाली. "तेव्हा..."

"विल्मा, तोंड बंद," बर्निस पाठमोरीच म्हणाली.

ऑफिसात पैशांच्या खिडकीत बसणारा अर्ल वाटच बघत होता. "काय झालं साबोबाई? पुढे खेळून गेलेल्या बायका सांगत होत्या, आज म्हणे जमतंय!"

"नाही जमलं," लोरेन म्हणाली आणि फळ्याकडे न बघता बाहेर पडली.

गाडीपाशी बर्निस मागोमाग आली. तिने पिशवीला हात लावला नाही, नुसती उभी राहिली. डोळे लाल.

"माझ्यामुळे गेलं ना," ती म्हणाली. "मी मध्ये कडमडले. सरळ मारलं असतंस तर पडला असता."

"पडला असता कदाचित."

"चिडलीस?"

"चिडले. खूप चिडले." लोरेनने पिशवी उचलून डिकीत टाकली आणि दम खात थांबली. "एकतीस वर्षांत वीतभर कधी सोडलं नाहीस मला. आज काय म्हणून सोडलंस? म्हातारी झाले म्हणून? सोमवारी कापणार म्हणून?"

"नाही गं." बर्निसने डोळे पुसले. "तुझा चुकला असता तर मला बघवलं नसतं. भीती वाटली मला."

लोरेनने डिकी बंद केली.

"मलाही वाटली होती," ती म्हणाली. "पण ती भीती माझी होती ना गं, बर्निस. ती मलाच सोसू द्यायचीस."