सांध्यातले कुंकू

गंज खरवडला की एक तुरट, थंड वास सुटतो. जुने नाणे जिभेवर ठेवल्यासारखा. चामराजपेटेतल्या मल्लाप्पाअण्णांच्या गॅरेजमध्ये, बाबांच्या जुन्या गाडीचे कापडी छत उतरवून आतला लोखंडी सांगाडा घासताना तो वास माझ्या नाकात बसला; आणि त्यात, कुठून कोण जाणे, हळदीकुंकवाचा वास मिसळलेला होता!

ही गाडी म्हणजे आमच्या राजाजीनगरच्या घरातले थोरले अपत्य. सरकारी कारखान्यात धातूंची परीक्षा करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माणसाने केलेली एकुलती एक चैन. रविवारी छत मागे दुमडून बाबा आम्हाला झाडांखालून हिंडवत. आई उडणारा पदर सावरत "सावकाश हो" म्हणत राही आणि फांद्यांच्या जाळीतून आभाळ आमच्यासंगे धावे. पुढे बाबांना काचबिंदू झाला. गेलेली दृष्टी परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्यांनी एकच मागणे मागितले : "दिसतंय तोवर एकदा छत उघडून फिरव." पण छत उघडेना. डावीकडचा सांधा गंजून जाम झाला होता आणि ओढाताण केली असती तर सांगाडाच मोडला असता.

मल्लाप्पाअण्णा मूळचे निपाणीकडचे, त्यांच्या मराठीत कानडी मिसळलेले. माझी घाई पाहून म्हणाले, "स्वल्प थांबा की अक्का. गंजाशी भांडून होत नाही, तेल मुरू दे." तेल मुरवत, पापुद्रे काढत आम्ही आत गेलो, तो सापडले कुंकू, थरावर थर साचून काळे पडलेले. खंडेनवमीला हे सारे कानडी शहर आपापल्या वाहनांना हार घालते. इतरांचे हार पुढे, बॉनेटवर. आईचा झेंडूचा ओला हार मात्र छताच्या या सांध्यावर. वर कुंकू, वर नारळाचे पाणी. आपल्या डोक्यावर छप्पर धरतो तो हाच, असे तिचे म्हणणे. आणि जिथे तिची बोटे भक्तीने टेकली, नेमके तिथलेच लोखंड खाल्ले गेले होते! माया करावी आणि त्याच मायेने झिजवावे, याला काय म्हणावे? आईला यातले काही कळू द्यायचे नाही, असे मी ठरवले.

बाबांना मात्र सांगितले. ते हसले. "मला काय सांगतेस? धातूतला माणूस मी. पूजा करून आई आत गेली की सांधा पुसायचो, तेल द्यायचो. दर वर्षी." मग हळूच म्हणाले, "अलीकडे दिसेना गं. अंदाजानं पुसायचो. वाटायचं, झालं असेल स्वच्छ."

बाबांची नजर जसजशी उतरत गेली, तसतसा तो गंज चढत गेला होता. किती संसार असे कोणाच्या तरी मूक फडक्यावर चालत असतील!

अण्णांनी कुजलेला भाग कापून नवी पट्टी जोडली, तांबडा प्रायमर दिला, वर रंग चढवला. गाडी घरी आली ती खंडेनवमीच्या सकाळी. आई ताट घेऊन आली खरी, पण सांध्यापाशी तिचा हात थबकला. "रंग नवा आहे, डाग पडेल. लावू का?" मी काही बोलण्याआधीच बाबा म्हणाले, "लाव. तिथंच लाव."

पूजा झाली. आई ताट ठेवायला आत गेली आणि बाबांनी माझ्यापुढे हात पसरला. मी फडके दिले. त्यांनी चाचपत सांधा पुसला, मग माझे बोट धरून आतल्या खोबणीत टेकवले. "इथं. ओल इथं राहते." फडके त्यांनी माझ्याच हातात ठेवले.

मग आम्ही छत उघडले. सांधा कुरकुरलासुद्धा नाही. रस्त्याच्या वळणावर गगनजाई फुलली होती. इथले लोक तिला आकाशमल्लिगे म्हणतात. तिची दोन-चार लांब देठांची फुले बाबांच्या मांडीवर पडली. बाबांनी मान मागे टाकली. फांद्या त्यांना दिसत नव्हत्या, हे आम्हा दोघींनाही कळत होते.

"किती उजेड आहे!" ते म्हणाले.

आईने पदर सावरला, पण सावकाश हो म्हणाली नाही. स्टिअरिंगवरच्या माझ्या बोटांना तेलाचा वास येत होता आणि त्यात थोडे कुंकू होते.